वार पाहून अडणारी गाडी

भाऊजींची गाडी गॅरेजच्या फाटकातून आत आली ती अशा झोकात, की मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही गाडी म्हणे सकाळी सुरू होत नाही! इंजिन कसं एका लयीत चाललेलं, धूर नाही, थरथर नाही. भाऊजींनी गाडी सावलीत लावली, बंद केली, खाली उतरले आणि टोपी सारखी करत म्हणाले, "बघा आता तुम्हीच. काल सकाळी अर्धा तास जीव खाल्ला हिनं."

"मग इथे कशी आली? उडत?"

"अहो, आज झाली ना सुरू. म्हटलं मेव्हण्यांकडे न्यायची तर चांगली गरम करून न्यावी. गावाला दोन फेऱ्या मारून आणली."

मिस्त्रीनं हातातला पाना बाकावर आपटला. गेल्या दीड महिन्यात हे तिसऱ्यांदा. "भाऊजी, ताप उतरल्यावर माणसाला डॉक्टरकडे नेतात का हो? मला ती गार असताना बघायचीय. गार! थंडीत रात्रभर उभी राहिलेली. गरम डिझेल गाडी काय, माझी म्हातारी झालेली व्हॅनसुद्धा अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते."

"ते खरं, पण गार गाडी सुरूच होत नाही. मग आणायची कशी?"

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. बत्तीस वर्षं तो गाड्या दुरुस्त करत होता, ट्रकवाल्यांशी भांडला होता, पोलिसांच्या जीपखाली झोपला होता, पण ताईच्या नवऱ्यापुढे त्याचं काही चालायचं नाही. भाऊजी जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर साखळी धरून दुसऱ्यांच्या बांधांवर वाद घातलेले. त्यांना कुणी काही सांगितलं की ते आधी म्हणत, "असं कसं?"

एरवी मिस्त्रीनं हात झटकले असते. म्हणाला असता, विका ही आणि बसनं फिरा. पण ही गाडी ताईसाठी होती. ताईची मूत्रपिंडं गेल्या वर्षी थकली. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी सात वाजता तिला डायलिसिसला न्यावं लागे. सातची पाळी म्हणजे सातची. सव्वासातपर्यंत माणूस आला नाही तर खाट पुढच्याला, कारण पुढचाही मरणाच्याच दारात बसलेला. या महिन्यात गाडीपायी ताईच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. टॅक्सी बोलावली ती साडेसातला उगवली. दुसऱ्या वेळी पाय सुजले, रात्री आडवं होता येईना, आणि डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना स्पष्ट सांगितलं, आता एकही पाळी चुकायला नको, छातीत पाणी भरलं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

आणि ही गाडी मात्र गॅरेजात आली की सासरहून माहेरी आलेल्या मुलीसारखी खुशीत.

मिस्त्रीनं काय नाही केलं? पहिल्यांदा थंडीत डिझेल गाडी अडते म्हटल्यावर जे पहिलं बघायचं ते बघितलं. इंजिनात डिझेल पेटायच्या आधी आतली हवा तापवणारे चार हीटर प्लग असतात. त्यातला एक मेला होता. त्यानं चारही बदलले. दोन दिवसांनी भाऊजींचा फोन, "असं कसं? आजही नाही." मग प्लगांना वीज सोडणारा रिले बदलला. डिझेलचा फिल्टर बदलला. नळीत कुठे हवा शिरते का म्हणून अख्खी लाइन साबणाच्या पाण्यानं तपासली. स्टार्टर खोलून साफ केला. शेवटी बॅटरी नवी टाकली, चांगली मोठी. आणि काल गुरुवारी ती नवी बॅटरीसुद्धा सकाळी कण्हली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असला प्रकार चालला होता. आणि मिस्त्रीला त्याची लाज वाटायला लागली होती. गावातल्या निम्म्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या, आणि सख्ख्या बहिणीची एक गाडी त्याला उमगेना.

मधे एकदा त्यानं रविवारी संध्याकाळी गाडी हट्टानं ठेवून घेतली. सोमवारी पहाटे काचांवर दव गोठलेलं. मिस्त्री मफलर गुंडाळून आला, किल्ली फिरवली, प्लग तापत असल्याचा पिवळा दिवा लागला, विझला, सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू! मिस्त्री तिथेच बसून राहिला. ती सुरू झाली याचा त्याला इतका राग आला, की त्यानं दार आपटून बंद केलं.

"मी टिपून ठेवलंय सगळं," भाऊजी आता म्हणाले आणि कोटाच्या खिशातून एक वही काढली. "तुम्ही कारागीर लोक अंदाजानं काम करता. आम्ही मोजून करतो."

"द्या इकडे," मिस्त्रीनं वही जवळजवळ ओढूनच घेतली.

भाऊजींचं अक्षर मोत्यासारखं. दर सकाळचा एक रकाना: तारीख, खिडकीतल्या तापमापकाचा आकडा, गाडी किती प्रयत्नांत सुरू झाली. मिस्त्री चष्मा कपाळावरून नाकावर ओढून वाचायला लागला. चार अंश, पहिल्या प्रयत्नात. अकरा अंश, नऊ प्रयत्न. तीन अंश, पहिल्या प्रयत्नात. बारा अंश, सुरू झाली नाही.

त्यानं मान वर केली. "भाऊजी, तीन अंशाला पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि बारा अंशाला झालीच नाही?"

"हो. म्हणून तर म्हणतो, गाडीतच दोष आहे."

"अहो, पण मग थंडीचा काय संबंध?"

"थंडी नसताना असं होत नव्हतं," भाऊजी ठामपणे म्हणाले.

मिस्त्रीनं बोटानं ओळी मोजल्या. मग शेजारी भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारखा ताडून पाहिल्या. एकदा, दोनदा. मग तो इतक्या मोठ्यानं ओरडला की समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वळवून पाहिलं. "मंगळवार, गुरुवार, शनिवार! गाडी फक्त मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी अडते! सोमवारी दूध आणायला जाता, सुरू. बुधवारी बँकेत जाता, सुरू. ताईला न्यायचं म्हटलं की आजारी. गाडीला वार कळतात काय हो?"

"त्या दिवशी आम्ही लवकर निघतो. पावणेसहाला. तेव्हा जास्त थंडी असते."

"दूध कधी आणता?"

भाऊजींनी टोपी पुन्हा सारखी केली. "सहाला," ते म्हणाले.

"म्हणजे पंधरा मिनिटांत ऊन पडतं वाटतं तुमच्याकडे!" मिस्त्रीनं वही मिटून त्यांच्या हातात कोंबली. "आता माझं ऐका. उद्या शनिवार. मी येतो पहाटे तुमच्या इमारतीखाली. तुम्ही रोज जे करता तेच करायचं, तसंच करायचं. मला बघून काही शहाणपणा करायचा नाही. आणि ताईला सांगायचं नाही, नाहीतर ती माझ्यासाठी चहा करत बसेल."

"असं कसं, न सांगता..."

"भाऊजी!"

भाऊजींनी वही खिशात ठेवली.

शनिवारी मिस्त्री साडेपाचलाच पोचला. आपली व्हॅन त्यानं गाडीच्या नाकासमोर न लावता शेजारी लावली, दोन बॅटऱ्या जोडायच्या केबल बाहेर काढून ठेवल्या, आणि हात काखेत घालून भिंतीला टेकून उभा राहिला. इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली. ताई वरच्या मजल्यावर. जिन्यातला दिवा असून नसल्यासारखा. थंडी अशी, की श्वास दिसत होता.

पावणेसहाला भाऊजी खाली आले. मिस्त्रीकडे पाहून त्यांनी मान हलवली, पण ठरल्याप्रमाणे बोलले नाहीत. गाडीत बसले, किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला, विझला. शाब्बास, मिस्त्री मनात म्हणाला, आता मारा सेल्फ. भाऊजींनी सेल्फ मारला नाही. त्यांनी पुढचे मोठे दिवे लावले. जिन्याच्या दारावर लख्ख उजेड पडला. मग आतला पंखा पूर्ण वेगानं सोडला, मागच्या काचेवरची दव घालवणारी जाळी तापत ठेवली, खाली उतरले, दार हळूच लोटलं आणि जिना चढून वर निघून गेले. इंजिन बंद, आणि किल्ली तशीच.

मिस्त्री बघतच राहिला.

पाच मिनिटं झाली. दिवे जळतायत, पंखा घोंघावतोय, सगळं त्या बिचाऱ्या बॅटरीच्या जिवावर. हीटर प्लग तर केव्हाच गार होऊन बसले असणार. ते काय जन्मभर तापून राहतात? मिस्त्रीचे हात शिवशिवायला लागले. एक पाऊल पुढे टाकून किल्ली मागे फिरवायची, बस. पण त्यानं स्वतःच सांगितलं होतं, रोज करता तेच करा. दहा मिनिटं झाली. अहो, काय आंघोळीला बसले काय वर? पंधरा झाली. दिवे पिवळट व्हायला लागले. मिस्त्री दातओठ खात घड्याळाकडे बघत होता. नवी कोरी बॅटरी! त्याच्या डोळ्यांदेखत भाऊजी तिचा जीव घेत होते, आणि हा माणूस वहीत अंश लिहितो, अंश! काढतोच आज त्यांची साखळी आणि मोजपट्टी, असं म्हणत विसाव्या मिनिटाला तो जिन्यात शिरला. आज नातं बितं काही बघायचं नाही, असंच त्यानं ठरवलं होतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला.

ताई एका घडीच्या स्टुलावर बसली होती. डोक्याला शाल, एक हात कठड्यावर, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. भाऊजी तिच्या दोन पायऱ्या खाली उभे होते, खांद्याला तिची पिशवी, आणि दोन्ही हात पुढे, ती पुढे कलंडली तर धरायला. त्यांनी वर पाहून हलक्या आवाजात म्हटलं, "सावकाश. गाडी तापतेय. घाई नाही." ताई उठली. भाऊजींनी स्टूल घडी करून काखेत मारलं. चार पायऱ्या उतरली. भाऊजींनी स्टूल मांडलं. ती पुन्हा बसली.

मिस्त्रीच्या तोंडात तयार होऊन आलेल्या सगळ्या शिव्या तिथेच राहिल्या. तो दर रविवारी ताईकडे यायचा. दर वेळी ती खुर्चीत बसलेली असायची, केस विंचरलेले, टेबलावर चहा तयार. दाराशी पोचवायला यायची नाही, म्हणायची, तू काय पाहुणा आहेस का रे. त्याला वाटायचं, चांगली आहे. डायलिसिसनं फरक पडतोय.

"सोन्या?" ताईला तो दिसला. पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या माणसाला या नावानं हाक मारणारी जगात ती एकटीच. "तू कधी आलास? काय झालं?" आणि लगेच ती ताठ झाली. कठड्यावरचा हात काढला, स्टूल मागे टाकलं आणि तीन पायऱ्या भराभर उतरली, जणू रोज अशीच उतरते. चौथीवर तिचा गुडघा वाकला. मिस्त्रीनं झेप घेऊन तिला धरलं. ती इतकी हलकी लागली की त्याला भीती वाटली.

"कधीपासून?" त्यानं भाऊजींना विचारलं.

"थंडी सुरू झाल्यापासून," भाऊजी म्हणाले. "आधी पाच मिनिटांत उतरायची. मग पंधरा. आता अर्धा तास, कधी जास्त. तुम्हाला सांगू नका म्हणाली."

थंडी सुरू झाल्यापासून! गाडीही थंडी सुरू झाल्यापासूनच अडत होती. मिस्त्रीला सगळा हिशोब एकदम लागला आणि तो लागताच दुसरी एक गोष्ट लक्षात आली. "आणि ज्या दिवशी गाडी सुरू झाली नाही... त्या दिवशी ताई परत वर चढली?"

भाऊजींनी स्टूल घडी करून काखेत मारलं. त्या दोन्ही दिवशी मिस्त्रीनं फोनवर भाऊजींना झापलं होतं. दुपारी ऊन पडलं की पुन्हा प्रयत्न करा, म्हणाला होता.

त्यानं ताईला सरळ दोन्ही हातांवर उचललं. "अरे, खाली ठेव! लोक बघतील!" ती म्हणाली. "बघू देत. तिकीट लावतो," असं म्हणत तो उरलेले दीड मजले उतरला. भाऊजी स्टूल आणि पिशवी घेऊन मागून.

सव्वासहा वाजले होते. मिस्त्रीनं ताईला पुढच्या सीटवर बसवलं, भाऊजींना मागे ढकललं आणि स्वतः चाकामागे बसला. सेल्फ मारला. गाडी एकदा कण्हली, दुसऱ्यांदा नुसती टकटकली. तो शिव्या घालत उतरला, व्हॅन सुरू केली, केबल जोडल्या, दिवे बंद, पंखा बंद, जाळी बंद. किल्ली मागे, किल्ली पुढे. पिवळा दिवा लागला. विझला. सेल्फ. गाडी धडधडून सुरू झाली.

"बघा!" केबल काढून, व्हॅन बंद करून परत बसता बसता तो ओरडला, आणि आता मात्र त्याला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. "काही झालेलं नाही गाडीला! काही नाही! दीड महिना मी हिची आतडी बाहेर काढतोय! अर्धा अर्धा तास दिवे आणि पंखा लावून ठेवल्यावर कुठली बॅटरी जगेल? कुणी सांगितलं होतं किल्ली देऊन वर जायला?"

"तुम्हीच," मागून भाऊजी म्हणाले. "थंडी पडली तेव्हा तुम्हीच म्हणालात, भाऊजी, घाई करू नका, किल्ली देऊन थांबा, तापू द्या."

"दहा सेकंद! दिवा विझेपर्यंत! प्लग तापायला! अख्ख्या जन्मात माझं एकदा ऐकलंत, तेही असं?" मिस्त्रीनं गाडी रस्त्याला लावली. "आणि पंखा कशाला लावता?"

"सीट गरम व्हायला. हिला गार सीट सोसत नाही. अंग आकडतं तिचं. खाली येईपर्यंत गाडी ऊबदार झालेली बरी."

"अहो, इंजिन बंद असताना हीटर कसला? ऊब इंजिनातून येते. ते गार तर पंखा नुसतं गार वारं फेकतो. अर्धा तास तुम्ही त्या सीटवर बाहेरची थंडी ओतत होता!"

मागून भाऊजींचा आवाज आला, आणि या वेळी त्यात "असं कसं" नव्हतं. "पण ही तर रोज म्हणायची. बसल्या बसल्या म्हणायची, छान ऊब आलीय हो."

मिस्त्रीनं शेजारी पाहिलं. ताई समोरच्या काचेकडे बघत होती.

"अगं, तू म्हणायचीस ना?" भाऊजींनी पुढे वाकून विचारलं.

"तुम्ही इतकं पहाटे उठून, जिने चढून-उतरून करायचात," ताई म्हणाली. "काय म्हणणार होते?"

भाऊजी मागे टेकले. आरशात मिस्त्रीला ते दिसत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मिस्त्रीचा सगळा राग कुठे गेला कुणास ठाऊक. त्याला फक्त स्वतःची लाज वाटत होती. चार प्लग, रिले, फिल्टर, बॅटरी, सगळं खोलून बघितलं होतं त्यानं. जिना तेवढा बघितला नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "कशी आहेस? आणि हे बघ, ऊबदार आहे म्हणू नकोस."

एक सिग्नल गेला, दुसरा लागला.

"दमते रे," ती म्हणाली. "फार दमते. जिन्यात बसले की वाटतं, पुरे झालं, आता वरच राहावं. ह्यांना सांगायचा धीर होत नाही."

सिग्नल हिरवा झाला तरी मिस्त्रीनं गाडी काढली नाही. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तेव्हा त्यानं गियर टाकला आणि गाडी पुढे घेतली.

"माझं घर तळमजल्याला आहे," तो म्हणाला. ओरडला नाही, पण विचारतही नव्हता. "दारातून गाडीत दहा पावलं. पुढची खोली रिकामीच आहे. आज डायलिसिस झालं की वर जायचं नाही. सामान मी आणतो."

"वेडा आहेस का? आम्ही असं कसं तुझ्याकडे..." ताई सुरू झाली, आणि दोघंही भाऊजींच्या बोलण्याची वाट बघत राहिले. वाद घालायचा म्हटल्यावर हा माणूस मागे राहील ही गोष्ट अशक्य होती. आयुष्यभर बांधांवर भांडलेला माणूस.

भाऊजी पुढे वाकले. त्यांनी हात लांब करून पंख्याच्या जाळीपुढे धरला, मग काढला.

"आली का आता?" त्यांनी बायकोला विचारलं. "खरं सांग."

"अजून नाही," ताई म्हणाली. "गारच आहे."

भाऊजींनी मान हलवली. अंगातला कोट काढला, पुढे हात घालून तिच्या गुडघ्यांवर पसरला आणि दोन्ही बाजूंनी खोचला. मग मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मेव्हणे, तिचा पलंग तुमच्या व्हॅनमध्ये मावेल का?"

"मावेल," मिस्त्री म्हणाला. सात वाजायला दहा मिनिटं होती, आणि हॉस्पिटलचं फाटक समोर दिसायला लागलं होतं.